वाळवलेला गाळ कुठे ठेवायचा?

2018 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या पॅरिश या गावात एक मालगाडी येऊन उभी राहिली आणि जवळजवळ दोन महिने जागची हलली नाही. गावाची वस्ती हजाराच्या आत. गाडीवरच्या कंटेनरांत न्यूयॉर्क शहराकडून आलेला सांडपाण्याचा गाळ होता, सुमारे एक कोटी पौंड, म्हणजे साडेचार हजार टन. तो जवळच्या एका खासगी कचराभूमीत पुरायचा होता. ट्रकवर चढेपर्यंत तो आधी वेस्ट जेफरसन या शेजारच्या गावातल्या रेल्वे यार्डात थांबवला जाई. त्या गावाने कोर्टातून मनाई हुकूम मिळवला, तेव्हा गाडी पॅरिशला आली, कारण पॅरिशकडे ती अडवणारा जमीनवापराचा नियमच नव्हता. यार्डाला लागून मुलांचे बेसबॉलचे मैदान. जसजशी हवा तापत गेली तसतसे लोकांना घराबाहेर बसणे अशक्य झाले. एप्रिलच्या मध्यावर शेवटचा कंटेनर गेला.

न्यूयॉर्कची शुद्धीकरण केंद्रे गाळ कच्चा सोडून देत नाहीत. बंद टाक्यांत, हवेविना, तो जीवाणूंकडून पचवून घेतला जातो आणि मग यंत्रात फिरवून त्यातले पाणी काढले जाते. एवढे सोपस्कार झाल्यावरही त्याने एका गावाचे जगणे नकोसे केले. असे का झाले, हे समजले की गाळ साठवण्याचे जवळजवळ सगळे शास्त्र हाती येते.

सांडपाणी शुद्ध करताना तळाशी जो गाळ उरतो त्यात घनपदार्थ शेकडा दोनच्या आसपास असतात, बाकी पाणी. शंभर किलो घनपदार्थ हवे असतील तर पाच हजार किलो गाळ हलवावा लागतो. बेल्ट प्रेस किंवा सेंट्रीफ्यूजमध्ये तो पिळला की घनपदार्थ शेकडा वीस-पंचवीसपर्यंत जातात आणि त्याच शंभर किलोंसाठी चार-पाचशे किलोंचा चिखलासारखा ऐवज उरतो. याला केंद्रावरची माणसे ‘केक’ म्हणतात. केक हाताला घट्ट लागतो, फावड्याने उचलता येतो, म्हणून तो सुकला असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाणीच असतो. पॅरिशच्या यार्डात उभा होता तो असा केक.

वास येतो तो याच केकमधून, आणि त्यामागची यंत्रणा ठरलेली आहे. गाळात प्रथिने भरपूर असतात, त्यातली बरीचशी मेलेल्या जीवाणूंच्या शरीरातलीच. ती तुटली की त्यांतले गंधकयुक्त घटक सुटे होतात. राशीच्या पोटात हवा पोचत नसल्यामुळे तिथले जीवाणू त्या घटकांपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, ज्याला सडक्या अंड्याचा वास येतो, आणि कुजक्या कोबीसारखा दर्प असलेले मिथेनथायॉल व त्याचे भाऊबंद. नायट्रोजनच्या बाजूने अमोनिया निघतो आणि सडक्या मासळीचा वास देणारे ट्रायमिथाइल अमाइन. केक पिळताना गाळाचे कण एकत्र यावेत म्हणून जे पॉलिमर घालतात, त्याच्या विघटनातूनही हे अमाइन तयार होऊ शकते. यांतली बरीच रसायने माणसाच्या नाकाला हवेच्या अब्जावधी भागांत एखादा-दुसरा भाग असला तरी कळतात. म्हणूनच केंद्रावरचा साधा मीटर शून्य दाखवतो आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या घरातली बाई खिडकी लावून घेते, तेव्हा दोघेही खोटे बोलत नसतात. अशा तक्रारीला ‘आमच्या यंत्रात काही दिसत नाही’ हे उत्तर देणे शास्त्रालाही धरून नाही.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. केकचा वास पिळल्याच्या दिवशी सर्वांत जास्त नसतो. तो पुढे काही दिवस चढत जातो, शिगेला पोचतो आणि मग उतरू लागतो, कारण मिथेन बनवणारे जीवाणू पुन्हा सावरतात आणि गंधकाची ती सेंद्रिय संयुगे खाऊन टाकतात. जोरात फिरणाऱ्या सेंट्रीफ्यूजमधून निघालेल्या केकमध्ये हा चढ विशेष मोठा असतो. त्यामुळे ताजा केक हुंगून ‘याला फारसा वास नाही’ असा निर्वाळा देऊन तो वस्तीजवळ नेऊन टाकणे ही हमखास फसगत आहे. तो तिथे पोचल्यावर बोलू लागतो.

यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे पाणी काढून घेणे. घनपदार्थ शेकडा नव्वदवर गेले की शंभर किलोंसाठी फक्त एकशे अकरा किलोंचा ऐवज उरतो. पाण्याशिवाय जीवाणू काम करू शकत नाहीत, आणि त्यांनी काम थांबवले की वास बनणे थांबते.

हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले ते अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहराने. मिशिगन सरोवराच्या काठी, जोन्स आयलंडवर, 1925 मध्ये तिथे नवे शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. सांडपाण्यात हवा सोडून जीवाणूंकडून ते साफ करून घेण्याची पद्धत आर्डर्न आणि लॉकेट यांनी इंग्लंडमध्ये मँचेस्टरला 1914 मध्ये जगापुढे मांडली होती. ती एवढ्या मोठ्या शहराला लावण्याचे धाडस करणाऱ्या पहिल्या शहरांत मिल्वॉकी होते. या पद्धतीत पाणी स्वच्छ होते, पण जीवाणूंचा प्रचंड गाळ रोज तयार होतो. तो मिल्वॉकीने फिरत्या ढोलांत, भट्टीच्या गरम हवेत वाळवला, त्याचे दाणे केले आणि 1926 पासून ‘मिलॉर्गनाइट’ या नावाने खत म्हणून विकायला सुरुवात केली. पहिली मोठी गिऱ्हाइके गोल्फची मैदाने होती. शंभर वर्षे होत आली, हे खत आजही दुकानात पोत्यांतून मिळते. मला या गोष्टीचे अप्रूप वाटते ते यासाठी, की एका महापालिकेने आपल्या मैल्याची जबाबदारी स्वतः घेतली, त्याला नाव दिले आणि तो लोकांच्या अंगणात जाईल इतका नीट केला.

तरीही मिल्वॉकीचे उदाहरण पाहून ‘वाळवला की सुटलो’ असे कोणी समजू नये. वाळवल्याने सडणे थांबते, संपत नाही. गाळ आधी टाकीत पुरेसा पचवलेला नसेल तर त्यातले प्रथिनांचे खाद्य जसेच्या तसे दाण्यात बंद असते. पाणी मिळाले की ज्या जीवाणूंचे बीजाणू वाळवणीतून तगले ते जागे होतात, बाहेरून नवे येतात, आणि थांबलेली गोष्ट जिथे थांबली तिथून पुढे सुरू होते. भिजलेल्या दाण्यांचा दर्प कित्येकदा केकपेक्षाही असह्य असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1993 मध्ये गाळाबद्दल जे नियम केले त्यांत वासाची मर्यादा कुठेही नाही, पण हा मुद्दा वेगळ्या दाराने आला आहे. माश्या आणि उंदीर गाळाकडे ओढले जाऊ नयेत यासाठी गाळ किती वाळवावा, हे तिथे सांगितले आहे. पहिल्या टाकीच्या तळाशी बसलेला, न पचलेला गाळ मिसळला नसेल तर घनपदार्थ 75 टक्के पुरे. तो मिसळला असेल तर 90 टक्के हवेत. पचलेल्या आणि न पचलेल्या गाळातला फरक नियमानेच असा मोजून ठेवला आहे. आपल्याकडच्या कंत्राटांत मात्र मी बहुधा फक्त ‘सुका गाळ’ एवढाच शब्द पाहतो. किती सुका, आणि सुकण्याआधी किती पचलेला, हे लिहिल्याशिवाय त्या शब्दाला काही किंमत नाही.

आता साठवणीकडे येऊ. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो तो अर्धवट सुकलेल्या गाळाने. नव्वद टक्क्यांवरचा दाणा आणि साठ-सत्तर टक्क्यांचे ढेकूळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांना उलट वागणूक लागते. पूर्ण वाळलेल्या दाण्याला बंद, कोरडी जागा हवी: सायलो, अस्तर लावलेल्या गोण्या, पत्र्याखाली झाकलेला ढीग. त्याच्याकडे दमट हवा जितकी कमी जाईल तितके बरे, कारण तो हवेतूनही ओल शोषतो. अर्धवट सुकलेल्या गाळाला बंद केले तर तो आतल्या आत सडतो. त्याला हवा हवी, कमी उंचीची रास हवी, मधूनमधून परतणी हवी आणि तो सुकत राहील अशी व्यवस्था हवी. ज्या गाळाची वाळवण अजून चालू आहे, त्याची साठवण समजून ताडपत्रीखाली गुंडाळले की पंधरा दिवसांत तक्रारी आल्याच म्हणून समजावे.

पूर्ण वाळलेल्या दाण्यांना दुसरा धोका असतो, आणि तो वासापेक्षा गंभीर आहे. ते स्वतःहून तापतात. ओलसर कडबा रचून ठेवला तर गंजी आतून तापते आणि कधी पेट घेते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. गाळाच्या दाण्यांचे तसेच आहे. ते सेंद्रिय आहेत, हवेतल्या ऑक्सिजनशी त्यांची संथ अभिक्रिया चालू असते, आणि मोठ्या राशीच्या मध्यातली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. ढोलातून गरम बाहेर पडलेले दाणे तसेच सायलोत भरले तर ही क्रिया वेगाने सुरू होते. राशीत एखादा भाग ओला झाला तर तिथले जीवाणू आणखी उष्णता घालतात. म्हणून दाणे साधारण 40 ते 50 अंशांच्या खाली थंड करूनच साठवायचे असतात. मोठ्या सायलोत निरनिराळ्या खोलीवर तापमापक सोडतात, कार्बन मोनॉक्साइडवर नजर ठेवतात, कारण धूर दिसण्याच्या कितीतरी आधी हा वायू वाढू लागतो, आणि गरज पडली तर नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हटवतात. राशीतून जळकट, करपल्यासारखा वास येऊ लागला तर तो वासाची तक्रार म्हणून नोंदवायचा नसतो, आगीची सूचना म्हणून घ्यायचा असतो.

धुळीचेही तेच. फार कोरडा दाणा फुटतो, त्याची बारीक भुकटी होते, आणि बंद जागेत हवेत उडालेल्या अशा भुकटीला ठिणगी मिळाली तर स्फोट होऊ शकतो. म्हणून दाणा घट्ट आणि एकसारखा करतात, भुकटी चाळून परत वाळवणीत घालतात, काही ठिकाणी दाण्यांवर तेलाचा हलका हात देतात. धूळ कमी झाली की वासही कमी दूर जातो, कारण धुळीच्या कणांवर वासाची रसायने चिकटून प्रवास करतात.

या सगळ्यात सायलोत किंवा टाकीत उतरणाऱ्या माणसाचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा. बंद साठवणीत ऑक्सिजन कमी झालेला असू शकतो, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त झाले तर नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. ‘आता वास येत नाही, उतर’ हे वाक्य त्यामुळे जीवघेणे ठरू शकते. आपल्या देशात गटारे आणि सेप्टिक टाक्यांत माणसे अजून मरतात, असे धोकादायक काम करवून घेण्याला मनाई करणारा 2013 चा कायदा असूनही. वाळलेल्या गाळाच्या कोठारात तीच चूक नव्या रूपात शिरता कामा नये. वायू मोजल्याशिवाय आणि बाहेर दोरी धरून उभ्या असलेल्या माणसाशिवाय कोणीही आत उतरू नये.

वास मारण्याचे जे उपाय बाजारात सुचवले जातात, त्यांत सुगंधी फवारे मला सर्वांत निरुपयोगी वाटतात. ते दर्पावर आणखी एक दर्प चढवतात आणि शेजाऱ्यांच्या रागात भर घालतात. चुन्याचा उपयोग आहे, पण तो समजून करायला हवा. चुन्याने गाळ तीव्र अल्कधर्मी होतो, हायड्रोजन सल्फाइड दबते, रोगजंतू मरतात, पण त्याच वेळी अमोनिया आणि मासळीच्या वासाचे अमाइन मोकळे होतात. काही आठवड्यांनी अल्कता उतरली की सडणेही परत येऊ शकते. बंद शेडमधली हवा पंख्याने ओढून लाकडाच्या चिपा आणि जुन्या कंपोस्टच्या ओलसर थरातून सोडली तर त्या थरातले जीवाणू वासाची रसायने खाऊन टाकतात. हा जैविक गाळणीचा उपाय साधा आहे आणि चांगला चालतो. उघड्या राशीवर मुरलेल्या कंपोस्टचा वीतभर थर पसरला तरी तेच तत्त्व छोट्या प्रमाणावर लागू होते. कोकणात कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करण्याचे जे प्रयोग केले, त्यांचा पाया असाच होता: मैला उघडा ठेवायचा नाही, त्यावर माती आणि पालापाचोळा पडलाच पाहिजे. स्वतः हातात झाडू घेणाऱ्या त्या माणसाला हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

रास हलवायची वेळही महत्त्वाची. शांत पडलेल्या राशीवर एक कोरडी साय धरते आणि वास आत राहतो. ती फोडली की कोंडलेले सगळे एकदम बाहेर येते. पहाटे आणि संध्याकाळी जमिनीलगतची हवा थंड आणि स्थिर असते, वास वर न जाता वस्तीकडे सरपटत जातो. भर दुपारी ऊन तापले की हवा वर उठते आणि वास पातळ होतो. म्हणून परतणी आणि ट्रक भरणे दुपारी, वारा वस्तीच्या उलट दिशेने वाहत असताना करावे, आणि सणासुदीच्या किंवा सुट्टीच्या दिवशी मुळीच करू नये. याला एक रुपयाही खर्च येत नाही.

वाळवण्याचे कारखानेसुद्धा वासातून सुटत नाहीत, हे न्यूयॉर्कनेच अनुभवले. गाळ समुद्रात टाकण्यावर अमेरिकेने बंदी घातल्यावर, 1992 मध्ये, न्यूयॉर्कला तो जमिनीवर कुठेतरी न्यावा लागला. ब्रॉन्क्समधल्या हंट्स पॉइंटला दाणे करण्याचा कारखाना उभा राहिला. वाळवताना निघणारी वाफ म्हणजे गाळातला सगळा उडून जाणारा वास. ती थंड करून, धुऊन, उरलेली जाळल्याशिवाय धुराड्यात सोडता येत नाही. आसपासच्या गरीब वस्तीने वर्षानुवर्षे दुर्गंधीच्या तक्रारी केल्या, प्रकरण कोर्टात गेले आणि 2010 मध्ये तो कारखाना बंद झाला. त्यानंतर बराच गाळ पुन्हा लांबच्या कचराभूमींकडे निघाला. पॅरिशच्या यार्डापर्यंत पोचलेली वाट तिथूनही जाते.

महाराष्ट्रात हा प्रश्न लवकरच मोठा होणार आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार आपल्या शहरांत दिवसाला 9107 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते, देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. जसजशी जास्त पाण्यावर प्रक्रिया होईल तसतसा गाळही वाढेल. नदी स्वच्छ करणे म्हणजे तिच्यातली घाण गाळाच्या रूपात जमिनीवर आणणे, हे आपण हिशेबात धरलेले दिसत नाही. लहान शहरांत गाळ बहुधा वाळूच्या वाफ्यांवर उन्हात सुकवतात. उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांत तो उचलण्याजोगा होतो. जून ते सप्टेंबर हे वाफे जवळजवळ निकामी असतात, आणि कोकणात तर उघड्या वाफ्यावर सुकवणे म्हणजे पावसात धान्य पसरण्यासारखेच निष्फळ आहे. शेतकऱ्याला खत हवे असते ते पेरणीआधी, एप्रिल-मेमध्ये, किंवा रब्बीच्या तोंडावर. गाळ मात्र रोज तयार होतो. या दोन वेळापत्रकांमधली दरी फक्त साठवणीनेच भरता येते.

दिवसाला एक टन कोरडा घनपदार्थ देणारे केंद्र धरून चला. पावसाळ्याच्या एकशे वीस दिवसांत एकशे वीस टन. नव्वद टक्के वाळवला तर तो सुमारे 133 टन भरतो, आणि दीड मीटर उंचीने रचला तर साधारण दीडशे चौरस मीटर छपराखाली मावतो. तोच गाळ केक म्हणून ठेवला तर 600 टन होतात, आणि ते छपराखाली ठेवूनही सडतील. म्हणजे खर्च वाळवणीत करायचा की साठवणीत आणि भांडणांत, एवढाच पर्याय आहे. शेडला काँक्रीटचा ओटा हवा, तो आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच हवा, पत्रा ओट्याच्या बाहेर पुरेसा यायला हवा, पन्हाळीचे पाणी दूर जायला हवे, आणि राशीतून जे झिरपेल ते चरातून परत शुद्धीकरणाच्या पहिल्या टाकीत जायला हवे. पूर्ण वाळलेला आणि अर्धा वाळलेला गाळ एकाच शेडमध्ये शेजारी ठेवू नये. जो आधी आला तो आधी जावा.

रोगजंतूंचे काय, हा शेतकऱ्याचा रास्त प्रश्न. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या तंत्रावर अहमदाबाद महापालिकेने 2019 मध्ये केंद्र सुरू केले. तिथे वाळवलेल्या गाळावर कोबाल्ट-60 मधून निघणाऱ्या गॅमा किरणांचा मारा करून जंतू मारतात. दिवसाला शंभर टन सुका गाळ हाताळण्याची त्याची क्षमता आहे. हे तंत्र महाराष्ट्रात जन्मले, ते इथल्या शहरांनीही वापरावे असे मला मनापासून वाटते. पण किरणांनी जंतू मरतात, त्यांचे खाद्य नाहीसे होत नाही. तो गाळही भिजला तर सडेल. किरण दिलेल्या पोत्यालाही कोरडे छप्पर लागतेच.

जड धातूंची तपासणी हा वेगळा विषय आहे आणि ती झाल्याशिवाय कोणताही शहरी गाळ शेतात जाऊ नये. कारखान्यांचे पाणी ज्या गटारात मिसळते तिथला गाळ कितीही नीट वाळवला आणि वासरहित ठेवला तरी तो त्यामुळे सुरक्षित होत नाही.

तुमच्या शहरात सांडपाण्याचे नवे केंद्र येत असेल, किंवा तुमच्या सोसायटीत स्वतःचे केंद्र असेल, तर शुद्ध झालेल्या पाण्याबद्दल तुम्ही विचारालच. त्याबरोबर एवढेही विचारा की जून ते ऑक्टोबरचा गाळ किती टक्के वाळवून, कोणत्या छपराखाली ठेवला जाणार आहे. याचे लेखी उत्तर मिळाल्याशिवाय त्या आराखड्याला संमती देऊ नका.